खाली माती, वर पीक

सेतुमाधवराव सकाळी दूध आणायला जे कपडे घालून जातात, तसे मी स्वतःच्या लग्नातही घातले नव्हते. दूध हो, दूध. कोपऱ्यावरच्या बूथवरून दोन पिशव्या. त्या वेळी चेन्नईतल्या आमच्या वेलचेरीत रस्त्यावर जी पुरुषजात दिसते ती लुंगीत, बर्म्युडात, नाहीतर ज्यात झोपली त्यातच. आणि त्या गबाळ्या गर्दीतून हा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ हळदीच्या रंगाचा कडक इस्त्रीचा सदरा, खाली कॉफीच्या रंगाची पँट, त्याच रंगाचा पट्टा, त्याच रंगाचे बूट अशा थाटात, एका हातात दुधाची टोपली आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन निघतो. बघून माझं डोकं फिरतं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून फिरतंय.

कुणी म्हणेल, म्हातारा माणूस आहे, हौस आहे, तुझं काय जातं? माझं जातं. कारण रंग हा माझा धंदा आहे. ओरगडमच्या एका मोटारींच्या कारखान्यात मी रंगाच्या विभागात नोकरी करतो. गाडीच्या दाराच्या आणि बॉनेटच्या रंगात केसाएवढा फरक असला तर तो यंत्राच्या आधी मला दिसतो. अख्ख्या इमारतीत रंगातलं कुणाला विचारायचं, तर मला विचारायला हवं. आणि लोक विचारतात कुणाला? सेतुरावांना. माझ्याकडे येतात ते गाडीवरचा ओरखडा कसा घालवायचा हे विचारायला.

सेतुराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी आपल्याकडून तिकडे गेले, आणि नेलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी मुरवत ठेवली. ऐकताना आपण पोथी ऐकतोय की तमिळ बातम्या, पटकन कळत नाही. जन्म एग्मोरच्या एका कचेरीत कारकुनी करण्यात गेला. माणसाच्या नावाला ‘राव’ लावल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. मी जगताप, तर मी जगतापराव. आमचा वॉचमन मुरुगन, तोही मुरुगनराव. त्यामुळे मुरुगन त्यांना उभा राहून सलाम करतो आणि मी आत शिरताना मला खुर्चीतूनच भुवई दाखवतो.

कपड्यांबाबत त्यांचं एक शास्त्र आहे, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय सुटका नसते. “पँट म्हणजे माती, सदरा म्हणजे पीक, पट्टा म्हणजे बांध,” असं ते बोटांवर मोजत सांगतात. “मातीनें पिकाशीं भांडूं नये, कीं नाहीं?” त्यांच्या लहानपणी घराभोवती भाताची शेतं होती, त्यातून हे शास्त्र निघालं म्हणे. पँट नेहमी मातीतली असायला हवी, म्हणजे खाकी, कॉफी, फार तर गुळाच्या ढेपेचा रंग. सदरा मात्र उगवलेला दिसला पाहिजे. एकदा मी निळ्या पँटवर निळा शर्ट घालून जिन्यात भेटलो, तर थबकले, मला वरून खाली पाहिलं आणि हळहळून म्हणाले, “अय्यो, पूर आला.” नंतर त्यांची नजर माझ्या पोटावर गेली. “आणि बांधही फुटला कीं.”

बरं, सदऱ्यांचे वार ठरलेले. मंगळवारी मिरचीचा लाल, बुधवारी पोपटी, गुरुवारी हळद. शुक्रवारी वाडामल्ली. हे इथल्या एका फुलाचं नाव आहे, आणि त्याचा रंग जांभळा आणि गुलाबी यांच्या भांडणातून निघालेला आहे. तो रंग अंगावर घालून सत्तरीचा पुरुष भरबाजारातून धड परत येऊ शकतो, हे मी सेतुरावांमुळे पाहिलं. मला वाटायचं ग्रहांसाठी करत असतील. इथे ग्रहांचं प्रस्थ फार. शनीला अमुक, गुरूला तमुक. तसं मी एकदा विचारलंही, तर हसले आणि म्हणाले, “ग्रहच म्हणा.”

खाली झाडाच्या सावलीत इस्त्रीवाल्याची गाडी असते. त्याने सेतुरावांचे सदरे हँगरला लावून गाडीच्या पुढच्या बाजूला टांगलेले असतात, दुकानाची शोभा म्हणून. माझे शर्ट घडी करून खाली, वर्तमानपत्रात. मी एकदा म्हटलं, माझाही एखादा टांग की. त्याने माझा गठ्ठा चाळून पाहिला, त्यातल्या त्यात बरा शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि पुन्हा बांधून ठेवला.

पण बाहेरच्यांचं एक वेळ सोडा. माझ्या घरातच फितुरी आहे. माझी बायको मुग्धा घरूनच काम करते. परदेशातल्या लोकांशी तिच्या मीटिंगा रात्री उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे सकाळी मी निघतो तेव्हा ती एसी लावून गाढ झोपलेली असते. संध्याकाळी सेतुराव भाजीला जातात तेव्हा मात्र ती बरोबर खिडकीत. मी थकून घरात पाऊल टाकावं आणि कानावर पडावं, “आज काकांचा पोपटी बघितलास? काय खुलतो रे त्यांना.” माझ्या शर्टाबद्दल लग्नापासून आजवर तिने एकच वाक्य उच्चारलंय, ते म्हणजे “हा धुवायचाय का?”

एकदा कारखान्यात वरचे साहेब येणार होते आणि मला त्यांच्यासमोर बोलायचं होतं. मुग्धा म्हणाली, काकांना विचार. मी म्हटलं, मला रंगातलं कळतं. ती नुसती हसली. गेलो मग झक मारत. दारातच विचारून टाकलं की हळदीचा शर्ट आणि कॉफी पँट कशी वाटेल. सेतुरावांनी मानच हलवली. “नको नको. तुम्हांस राखाडी.” मी म्हटलं, पोपटी? राखाडी. बरं, निदान मिरचीचा लाल? “राखाडी, जगतापराव. राखाडींत तुम्हीं सभ्य दिसतां.”

त्या दिवशी जिना उतरताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या इमारतीतल्या यच्चयावत पुरुषांना कपडे सांगणारा माणूस हा एकच. मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना याने फिकट निळा सांगितला, तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्याला सायीचा रंग, मला राखाडी. सकाळी आम्ही सगळे खाली उतरलो की धुतलेली भांडी मांडून ठेवल्यासारखे दिसतो. आणि मधून हा चालला हळद, मिरची, पोपट होऊन. म्हणजे चांगले रंग सगळे स्वतःला आणि उरलेला चोथा आम्हाला. वा रे वा शास्त्र. मुग्धाला हे सांगितलं तर म्हणाली, “तू जळतोस त्यांच्यावर.” जळतो तर जळतो. पण माझं म्हणणं खोटं होतं का?

खोटं नव्हतं. ते मी पाँडी बाजारात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मुग्धा एकदा सेतुरावांना कापडखरेदीला आमच्याबरोबर घेऊन गेली. या गृहस्थाने एक सदरा निवडला, दुकानाच्या दारातल्या पुतळ्याला चढवायला लावला आणि स्वतः वाहनं चुकवत रस्त्याच्या पलीकडे गेला. तिथे फुटपाथवर उभं राहून चष्मा काढला आणि डोळे बारीक करून पुतळ्याकडे बघत बसला. मधून बस गेली, शेअर ऑटो गेल्या, दुकानदाराचा जीव टांगणीला लागला. परत येऊन म्हणतो कसा, “चालेल. लांबून बोलतो.” मी विचारलं, चष्मा लावून बघतात की काढून? तर म्हणाले, “चष्मा काढून जो दिसतो तोच खरा रंग.” मला रंग शिकवतोय. मला.

त्यानंतर आमच्या लग्नाचा वाढदिवस आला. मुग्धाने मला एक खोकं दिलं. उघडलं तर हळदीचा शर्ट आणि कॉफी पँट. पट्टाही कॉफीच. म्हणाली, “एकदा तरी तू काकांसारखा दिसावास एवढीच इच्छा आहे.” या वाक्याचा राग मानावा की आनंद, हे ठरवायला मला वेळ लागला. मग ठरवलं की घालायचा, आणि घालायचा तो गुरुवारीच. होऊन जाऊ दे समोरासमोर.

गुरुवारी सकाळी आरशात पाहिलं. सांगतो, वाईट नव्हतो दिसत. खाली उतरलो तर मुरुगन चक्क अर्धा उठला. फाटकाच्या छपराखाली सेतुराव भेटले. तेही हळदीत, हातात टोपली आणि छत्री. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा पाहायला मी किती दिवस थांबलो होतो म्हणून सांगू. ते हळूच म्हणाले, “जगतापराव, वर जाऊन बदलून येतां काय?” मी म्हटलं, बस येईल हो माझी. कंपनीची बस समोरच्या कोपऱ्यावरून सुटते, ती कुणासाठी थांबत नाही. तर त्यांनी आपली काळी छत्रीच माझ्या हातात कोंबली. “मग ही उघडून चला. उपकार होतील.” आभाळ स्वच्छ, ऊन मी म्हणत होतं. मी मनात म्हटलं, गेला, म्हातारा कामातून गेला. मत्सराने माणसाचं किती वाटोळं होतं बघा. हा मला झाकायला निघालाय.

छत्री त्यांना परत दिली आणि ऐटीत निघालो. कोपऱ्यावर बस लागलेलीच होती. पायरीवर पाय ठेवताना सहज मागे वळून इमारतीकडे पाहिलं, तर चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीतून कुणीतरी पदर हलवत होतं. त्या खिडकीत तसं काहीतरी हलताना मी आधीही पाहिलं होतं, पण ती खिडकी कुणाची ते कधी मोजून बघितलं नव्हतं, मला वाटायचं साडी वाळत घातली असेल. आज नीट पाहिलं. एक बाई होती, आणि ती माझ्याकडेच बघून पदर हलवत होती. इतक्या वर्षांत या इमारतीतून मला कुणी कधी निरोप दिला नव्हता. शर्टाचा गुण, म्हटलं. मीही दारात उभा राहून चांगला भरघोस हात हलवला. बस सुटेपर्यंत हलवला.

बस ओरगडमच्या वाटेला लागली असेल नसेल, मुग्धाचा फोन आला. आवाज झोपेतून उठल्याचा नव्हता. तिने एकच विचारलं, “तू बसमधून हात हलवलास का?”

चौथ्या मजल्यावरची बाई म्हणजे सेतुरावांची बायको, रुक्माबाई. त्यांना बरं नसतं, त्या घराबाहेर पडत नाहीत, एवढंच आम्हाला माहीत होतं. नवरा हात हलवून बसमध्ये बसून निघून गेला म्हणून त्या रडत दार उघडून जिन्याने खाली निघाल्या होत्या. भिंत चाचपत, अनवाणी. इकडे सेतुराव दूधबिध सोडून लिफ्टने वर धावले, तर घर उघडं आणि खिडकी रिकामी. रडण्याच्या आवाजाने जागी होऊन बाहेर आलेल्या मुग्धाला त्या आमच्या मजल्यावरच्या पायऱ्यांवर सापडल्या. काही लागलं नव्हतं, देवाची कृपा. सेतुराव जिना उतरत तिथे आले तरी रुक्माबाईंना खरं वाटेना. हाताने सदऱ्याची बटणं चाचपून पाहिली, कॉलर पाहिली, मग कुठे शांत झाल्या. मुग्धा हे सांगता सांगता रडायला लागली. मी दिवसभर कारखान्यात गाड्यांच्या दारांकडे बघत होतो, एकाही दाराचा रंग मला दिसला नाही.

संध्याकाळी वर गेलो. आता बोलणी बसणार, तर बसू देत, अशा तयारीने. सेतुरावांनी दार उघडलं. अंगात बनियन आणि कमरेला पांढरी वेष्टी. त्यांना मी रंगाशिवाय प्रथमच पाहत होतो, आणि ते एकदम म्हातारे दिसले. आतल्या खोलीत रुक्माबाई झोपल्या होत्या. सेतुरावांनी माझ्यासाठी कॉफी केली, टंबलर माझ्यापुढे ठेवला आणि अगदी हळू आवाजात बोलले.

“तिला चेहरा दिसत नाहीं, जगतापराव. डोळ्यांचा पडदा गेला. रंग दिसतो, तोही मोठा असला तर.” मग समोरच्या खिडकीकडे बोट केलं. “वेलचेरी बुडाली त्या मोठ्या पुरांत मी दूध आणण्यास गेलों, तो संध्याकाळपर्यंत परत येऊं शकलों नाहीं. ती ह्या खिडकींत बसून होती. खाली पाण्यांत चालणारीं माणसें सगळीं एका चिखलाच्या रंगाचीं. त्यांत मी कोठें, तें तिला कळेना. तेव्हांपासून मी बाहेर गेलों कीं तिला तीच भीति. म्हणून सकाळीं वार सांगायचा, रंग सांगायचा आणि मग निघायचें. वळणावर उभें राहून हात करायचा.”

मला चष्मा काढून पुतळ्याकडे बघणारा माणूस आठवला. मी विचारलं, आणि आम्हा सगळ्यांना ते राखाडी, सायीचं, फिकट निळं?

“शेतांत पीक एकच पाहिजे कीं,” सेतुराव म्हणाले. “दुसरें उगवलें तर तिनें कोठें बघावें?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं कशाला सांगू, त्या लाजेच्या आत कुठेतरी एक बारीकशी कळ होती, आणि ती माझ्या चांगलीच ओळखीची होती. मला त्यांचा हेवाच वाटत होता. फक्त आता त्याचा सदऱ्याशी काही संबंध उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. वाडामल्ली रस्त्यावर उतरलीच नाही. शनिवारीही काही नाही. रुक्माबाईंचा आता रंगावर भरवसा राहिला नव्हता, आणि त्या सेतुरावांना उंबरा ओलांडू देत नव्हत्या. त्यांचं दूध मी नेऊन द्यायला लागलो. दार उघडायचं, बनियनमधला एक हात पिशव्या घ्यायचा, “शरी, शरी”, म्हणजे तमिळमध्ये बरं बरं, म्हणायचा आणि दार बंद व्हायचं. इस्त्रीवाल्याच्या गाडीचा पुढचा दांडा रिकामा पडला. मुरुगन आता कुणासाठीच उठेना. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून खरंतर मला आनंद व्हायला हवा होता. पण सकाळी खाली उतरलं की आम्ही सगळे राखाडी आणि सायीचे पुरुष एकमेकांकडे बघायचो आणि बघावंसं काहीच नसायचं. मुग्धा तर संध्याकाळी खिडकीत जायचीच बंद झाली. हळदीचा शर्ट मी घडी करून तळाला टाकला. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग पुन्हा गुरुवार आला. मी दूध घेऊन वर गेलो. दार उघडताना आतून रुक्माबाईंचा आवाज आला, कोण आहे म्हणून. सेतुराव म्हणाले, “जगतापराव. दूध घेऊन आले.”

“कोणत्या रंगांत आले?”

मीच पुढे होऊन सांगितलं, राखाडी. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. लहानशी बाई, केसांत कधीचा सुकलेला गजरा. त्यांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं, पण नजर माझ्या कानाच्या बाजूने कुठेतरी गेली. मग नवऱ्याला म्हणाल्या, “आज गुरुवार ना? मग तुम्हीं बनियनवर काय उभे? हळद घाला.”

सेतुराव चाचरत म्हणाले की दूध तर आलं.

“मग फुलें आणा. हे राखाडींत आहेत. मी चुकणार नाहीं.”

सेतुराव आत गेले. मला बस गाठायची होती, पण मी उभा राहिलो. ते हळदीत बाहेर आले तेव्हा सर्वांत वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. मी ते नीट लावून दिलं. त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखं वरून खाली पाहिलं, पोटाशी येऊन थांबले, पण त्या दिवशी बांधाबद्दल काही बोलले नाहीत.

आम्ही बरोबरच खाली उतरलो. मुरुगन खुर्ची मागे सारून उभा राहिला. वळणावर येताच सेतुराव थांबले, मागे फिरले आणि रिकामी टोपली डोक्याच्याही वर उंच धरली. चौथ्या मजल्यावर थोडा वेळ काहीच हललं नाही. त्यांची मान ताणलेली, टोपली तशीच वर. आणि मग पदर हलला. आधी जरासा, मग जोरात, अगदी खिडकीबाहेर येऊन. सेतुरावांनी टोपली खाली घेतली, डोळे पुसले आणि फुलवालीकडे चालू लागले. चालताना पट्टा सारखा करून घेतला.

मी बसच्या पायरीवर उभा राहून आमच्या मजल्याकडे पाहिलं. आमची खिडकी बंद होती, एसी चालू होता. तरी उगाच थोडा वेळ थांबलो. ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा मनातल्या मनात म्हटलं, लेकाच्या म्हाताऱ्याचं नशीब बघा, आणि आत जाऊन बसलो.